उरलंसुरलं

"किल्ल्या," मी हात पुढं केला. "कोठीच्या, कपाटाच्या, सगळ्या."

शालनवहिनीला कमरेचा जुडगा काढायला वेळ लागला. पोट एवढं पुढं आलेलं की तो कुठं खोचलाय हे तिला दिसायचंच नाही, चाचपूनच काढावा लागायचा.

"घ्या वन्सं. घराचं राज्यच घ्या की."

"राज्य तुमचं तुम्हाला लखलाभ. गूळ, तूप, शेंगदाणे आणि फरसाणाचा डबा कुठं कुठं आहे ते सांगा."

"माज्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"नाही," मी सरळ सांगितलं. "'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' असं तुम्हीच म्हणता ना? भूक लागली की माणूस कोंडासुद्धा सोडत नाही. इथं तर तुपाची बरणी आहे."

ती हसली. हसली की तिला धाप लागायची. मग भिंतीला टेकून, छातीवर हात धरून दम परत येईपर्यंत थांबायची. त्या दिवशीही तशीच थांबली.

मी फटकळ आहे, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. जन्मभर शाळेत पोरं हाकली, त्याच वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले होते आणि कराडला घरी नवऱ्याशी वाद घालण्यापलीकडं मला काम नव्हतं. म्हणून दादाचा फोन आला तेव्हा बॅग भरून इचलकरंजीला आले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दिनकर. घराला लागूनच त्याचा यंत्रमागाचा कारखाना. दिवसपाळी, रातपाळी, खडखडाट कधी थांबायचा नाही आणि चूलही कधी विझायची नाही. दादा, त्याचा मुलगा प्रकाश, माग दुरुस्त करणारे दोन जॉबर, पाळीवरची चार माणसं, ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तो येऊन पाटावर बसायचा. वाढायला वहिनी. सून अश्विनी मदतीला, पण तिची बारकी लेक अजून अंगावरची, त्यामुळं मुख्य भार वहिनीवरच.

वहिनीचं वजन इतकं वाढलं होतं की घरचा काटा शेवटाला जाऊन टेकायचा. साखर होती, गुडघे गेले होते, पण खरं दुखणं श्वासाचं होतं. आडवी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. झोपेत श्वास थांबायचा. म्हणून ती भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्या झोपायची.

मिरजेच्या डॉक्टर हेरवाड्यांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं होतं. पण त्याला एक अट होती.

"यांच्या लिव्हरवर चरबी चढलीय," त्यांनी समजावलं. "सुजून ते पोटावर आडवं आलंय. आक्रसलं तरच माझा हात खाली पोचेल. पंधरा दिवस नुसतं पातळ. मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, आणि ही पावडर. घास म्हणून घ्यायचा नाही."

"आणि नाही आक्रसलं तर?" मी विचारलं.

"तर मला ऑपरेशन करता येणार नाही. आणि ऑपरेशन झालं नाही तर," त्यांनी वहिनीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला, "हे हृदय किती दिवस ओढेल, मी सांगू शकत नाही."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "वन्सं, मला जगायची लई हाव न्हाई बगा. पर एकदा उताणं पडून झोपायचंय. हातपाय पसरून."

तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, ही झोप मी तुला मिळवून देणार. आणि किल्ल्या ताब्यात घेतल्या.

पहिले दोन दिवस ती हौसेनं राहिली. एकादशीसारखं वाटतंय म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून मात्र भूक खरी भेटायला आली. डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, कणीक मळताना मध्येच थांबून ती परातीच्या कडेला धरून उभी राहायची. मी म्हटलं, मी रांधते, तुम्ही बाहेर जाऊन बसा. तर दादा म्हणाला, "तुझ्या हातचं मास्तरणीचं जेवण? माझी माणसं कारखाना सोडून जातील." आणि वहिनीलाही ते पटलं. माझ्या हाताशिवाय ह्यांना जमत नाही, हे तिनं इतक्या अभिमानानं सांगितलं की मी नाद सोडला.

रविवारी मटण शिजलं. ती स्वतः मुगाच्या पाण्यावर, आणि समोर पातेल्यात तांबडा रस्सा रटरटतोय! मी दारात उंबऱ्यावर पहारा देत बसले होते. वासानं माझ्याच तोंडाला पाणी सुटलेलं, तिचं काय होत असेल?

"वहिनी, चव बघू नका हं."

"न्हाई वो. वासावरनं कळतंय मला मीठ." असं म्हणून तिनं खरंच नुसता वास घेतला आणि चिमूटभर मीठ टाकलं. डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं. "कांद्याचं हाय," म्हणाली. कांदा केव्हाच चिरून झाला होता.

दुपारी माणसं जेवून गेली. ताटं गोळा केली, ओटा पुसला, पातेली निपटून मोरीत टाकली आणि ती पदर खोचून माझ्याशेजारी येऊन बसली. पोटाला एक ओलं फडकं घट्ट आवळून बांधलेलं होतं.

"हे काय आणि?"

"बहात्तरच्या दुष्काळात आमची आई बांधायची. जतकडं तवा काय राहिलं हुतं? रेशनवरच्या तांबड्या मिलो जोंधळ्याची भाकरी, ती बी एकाला एक न्हाई. आई आमच्या पोटाला फडकं बांधायची, वर तांब्याभर पानी प्यायला लावायची आन् म्हनायची, झोपा आता. भूक काय, येडी गाय आसती बगा वन्सं. दावं तोडून अंगावर येती. हलायचं न्हाई. थोड्या वेळानं आपली आपणच जाती."

"मग जाते का?"

"तवा जायची." तिनं फडक्याची गाठ आणखी आवळली. "तवा भूक सगळ्यांची हुती. आता माजी एकटीचीच हाय. त्येचं लई जड जातंय."

मी तिला जिऱ्याचं कोमट पाणी आणून दिलं. ते तिनं औषधासारखं घोट घोट घेतलं.

तिचा निग्रह मी डोळ्यांनी बघितलाय. शेजारच्या काकूंनी नातू झाल्याचे पेढे आणले. वहिनीनं पेढा कपाळाला लावला आणि माझ्या हातात ठेवला. प्रकाशनं लाडानं "आई, एवढं एकच भजं" म्हणून तोंडापुढं धरलं, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "मला मारायला निघालायस व्हय रं मुडद्या?" माहेरचं हळदीकुंकू होतं, तिथं जायचंही टाळलं. गेलं की बायका आग्रह करणार, नाही म्हटलं की नाक मुरडणार. मी दादाला रोज सांगायचे, "एक शीत पोटात गेलं नाही हिच्या." दादा हं म्हणायचा आणि भाकरीचा तुकडा मोडायचा.

मध्ये एकदा मिरजेला वजन करायला नेलं. काट्यावरचा आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, काही खाताय का? रागावणार नाही मी."

"जोतिबाची आण," वहिनीनं गळ्याला हात लावला. "माज्या नातीच्या डोस्क्यावर हात ठिवून सांगतो. ह्या पंधरवड्यात ताट वाढून घेतलं आसंल तर जीभ झडू दे माजी."

परत येताना गाडीत दादा बोलायचा थांबेना. "मांजर डोळे मिटून दूध पितंय, त्याला वाटतंय जगाला दिसत नाही. हवा खाऊन माणूस एवढं राहातंय व्हय?"

"दादा, तोंड आवर," मी म्हटलं. "पहाऱ्यावर मी आहे. ती खात नाही."

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. उसाचे फड मागं पडत होते. तिनं आमचं ऐकलंच नाही असं दाखवलं, पण उतरताना माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी ती देवापुढं दिवा लावत होती तेव्हा मी तिची उशी चाचपली, ट्रंक उघडून बघितली, गादीखाली हात घातला. बामाची बाटली आणि तुटकी जपमाळ निघाली. खायचं काही नाही. मला माझ्याच वागण्याचा संताप आला आणि मी अश्विनीवर उगाच खेकसले.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनीला स्ट्रेचरवर नेताना तिच्या पाठीखाली चार उशा होत्या. आडवं करताच येत नव्हतं. "वन्सं," ती म्हणाली, "आज रातीला बगा कशी झोपतो." दार बंद झालं.

फार वेळ लागेल असं सांगितलं होतं. पण डॉक्टर हेरवाडे लवकरच बाहेर आले.

"दुर्बीण घातली आत," ते म्हणाले. "लिव्हर होतं तसंच आहे. उचलताच येत नाही. ओढाताण केली असती तर टेबलावरच काहीतरी झालं असतं. टाके घालून बाहेर आलो."

दादानं भिंतीवर मूठ आपटली. "सांगत होतो! चोरटी आहे ती, चोरटी!" कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. प्रकाशनं त्याला धरून खाली नेलं.

वहिनी शुद्धीवर आली तेव्हा मीच जवळ होते. "झालं?" तिनं पुटपुटत विचारलं.

"नाही झालं वहिनी. लिव्हर कमी झालं नाही."

तिला उमगायला थोडा वेळ गेला. मग तिचा सगळा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. "पर मी उपाशी हुतो की वो," ती म्हणाली. "वन्सं, तुमी सांगा की त्येनला. मी उपाशी हुतो की."

मी सांगितलं. ज्याला त्याला सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. आणि खरं तर, माझाही डळमळला होता.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. वहिनी, दादा आणि मी. ते चिडलेले नव्हते, उलट कोड्यात पडल्यासारखे दिसत होते.

"आजी, मला फक्त एवढं सांगा. सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस कसा जातो? सगळं सांगा, काही वगळू नका."

दिवस सांगायचा म्हटल्यावर वहिनीचा जीव भांड्यात पडला. हे तिला येत होतं. "उठतो. बंब पेटवतो. रातपाळीची मानसं येत्यात, त्यास्नी चहा-चपाती. त्येंच्या ताटल्या काढतो. कुनी अर्धी चपाती टाकतंय, ती च्यात बुडवून संपवतो. मग डबं. भाजी डब्यात भरून कढईला जे ऱ्हातंय, ते निपटून घेतो. बारकीला भात भरवतो. ती मेली चार घास खाती आन् तोंड फिरवती, मग ऱ्हायलेलं कुठं टाकायचं, तोंडात टाकतो. दुपारची पंगत. ह्यांना भाकरी गरम लागती, गार झालेली ताटात तशीच सोडत्यात. ती रश्शात कुस्करून..."

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "हे रोज?"

"रोजच की. घर हाय माणसांचं."

"आणि त्या पंधरा दिवसांतही?"

"मग काय, त्या पंधरा दिसांत मानसं जेवायची थांबली हुती व्हय?"

"म्हणजे तुम्ही खात होता."

"आवो, खात कुठं हुतो?" वहिनी दुखावली. "मी शपत घेतलीया. त्ये उरलेलं हुतं. उरलेलं संपवायचं न्हाई तर काय, मोरीत घालायचं? अन्न हाय त्ये."

माझ्या कानात मागाचा खडखडाट सुरू झाल्यासारखं झालं. कारण हे सगळं मी बघत होते. रोज. उंबऱ्यावर बसून, किल्ल्या कमरेला लावून. ती ताटं काढताना, वाटी निपटताना, बोट चाटताना मी समोर होते आणि मला ते खाणं वाटलंच नव्हतं. माझी आई तेच करायची, माझी सासू तेच करायची, मीही तेच करते. कुणी विचारलं, जेवलात का, तर म्हणतो, अजून नाही, नुसतं थोडं उरलं होतं ते संपवलं. सबंध घरात त्याला कुणी जेवण म्हणत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मग तुमचं स्वतःचं जेवण कधी असतं?"

"असतंय की."

"नाही, असं नव्हे. ताट वाढून घेऊन, बसून. शेवटचं कधी जेवलात?"

वहिनी विचार करायला लागली. खरंच करायला लागली. कपाळाला आठ्या घालून, छताकडं बघून. मग माझ्याकडं वळली. "वन्सं, तुमच्या लग्नात मी पंगतीला बसलो हुतो का वो?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही वाढत होता."

"व्हय की. बुंदीचं ताट माज्याकडं हुतं." तिनं आणखी मागं जाऊन बघितलं. मग ओशाळून हसली. "ऱ्हाऊ द्या. आठवत न्हाई बगा आता."

दादा खाली मान घालून बसला होता. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तोच तो पायानं हलवत होता.

डॉक्टरांनी पुढची तारीख माघातली दिली. तारखेआधी परत तेच पंधरा दिवस, तोवर बसून बेताचं जेवण, आणि आजपासून तिनं उरल्या ताटांना हात लावायचा नाही. घरी आल्यावर मी मोरीपाशी बादली ठेवली आणि हुकूम सोडला, ज्याचं त्यानं उरलेलं बादलीत टाकायचं, शेजारच्या म्हशीला जाईल. पहिल्या रात्रीच दादा अर्धी भाकरी सोडून उठला, जन्माची सवय. अश्विनीनं ती उचलून बादलीत टाकली. आवाज झाला टप् असा. वहिनी चुलीपाशी उभी होती, तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"वन्सं, मला उपाशी ऱ्हायला सांगा. म्हयनाभर ऱ्हातो," ती रडत म्हणाली. "पर हे न्हाई बघवत. माजा धाकटा भाव त्या दुष्काळात गेला. अर्ध्या भाकरीत वाचला असता वो त्यो."

हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. एवढ्या वर्षांत तिला भाऊ होता, हेच मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं बेताचं ताट वाढलं. पाट मांडला. हाताला धरून बसवलं. ती ताटाकडं बघत राहिली.

"कुणाचं हाय?"

"तुमचं."

"सगळं?"

तिनं दोन घास खाल्ले. चोरट्यासारखे, दाराकडं बघत. तिसरा हातात होता तेवढ्यात बाहेरून एका कामगाराची हाक आली, "काकू, पाळी सुटली." गुडघ्यावर हात टेकून, भिंत धरून ती उठली सुद्धा. मी ओरडले, बसा म्हणून. "आलोच," म्हणाली. उरलेलं ताट तिनं झाकून ठेवलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

मी तिला कराडला न्यायचं ठरवलं होतं. माझ्याकडं दोनच माणसं, उरायला काही नाही. दादा म्हणाला, अंगावर पोर असलेल्या सुनेच्या जिवावर कारखान्याची माणसं कशी सांभाळायची? दिवाळी होऊ दे. वहिनीही म्हणाली, दिवाळी होऊ दे वन्सं, मग येतो निवांत. मी किल्ल्या परत देऊन आले. दिवाळी झाली. तारखेच्या आधीच, पौषातल्या एका पहाटे ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेली. दादाला वाटलं, झोप लागलीय.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून नेतात, पत्रावळीवर मांडतात. सकाळी शेजारच्या काकू पदर खोचून चुलीपुढं बसल्या. "सांगा, काय करायचं? शालनला काय आवडायचं?"

"पिठलं-भाकरी," दादा लगेच म्हणाला. "लई आवडीनं करायची."

"करायची," मी म्हटलं. "खायची का?"

दादा चुलीत लाकूड सारायला लागला. प्रकाश म्हणाला तांबडा रस्सा, आणि म्हणता म्हणताच थांबला. तो त्याच्या आवडीचा. अश्विनीला गव्हाची खीर आठवली. ती बारकीची. मी आठवत राहिले. मी आले की ती शेंगदाण्याच्या पोळ्या करायची, पण त्या माझ्यासाठी.

"आवो, कायतरी आसंलच की मानसाला!" काकू वैतागल्या. "चूल पेटलीया. सांगा लवकर."

मग ज्याला जे आठवलं ते केलं. दादाचं पिठलं, प्रकाशचा रस्सा, बारकीची खीर, माझ्या पोळ्या. नदीकाठी पत्रावळ मांडली, काठोकाठ भरली, आणि सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते. झाडावर बसले होते. खाली येत नव्हते.

दादा हळूच माझ्याजवळ सरकला. मोठा माणूस, पण आवाज अगदी बारका झालेला.

"रत्ने," तो म्हणाला, "तिला गोड आवडायचं का गं, का तिखट?"